‘अतिभार’ हा शब्द कधी कुणाच्या तोंडून ऐकलाय का?

कोरा_कागद
मंडळी, यंत्रांच्या माहितीपत्रकांचं मराठीकरण हे माझं पोटापाण्याचं काम. सध्या एका मालवाहू लिफ्टचं पत्रक हातात आहे. त्यात ‘ओव्हरलोड’ तीन जागी येतो: आत बटणांच्या पट्टीवर लागणारा लाल दिवा, मोटरच्या पॅनेलमधला रिले आणि दारावरची धोक्याची सूचना. कोशातलं उत्तर सरळ आहे, अतिभार. शब्द बांधेसूद आहे, शुद्धलेखनात चुकण्यासारखं काही नाही. तरी लिहिताना हात अडखळतो. छापलेला पुष्कळ वाचलाय, बोललेला एकदाही ऐकलेला नाही.

तर अतिभार म्हणजे तुमच्या मते नेमकं काय? नुसतं जास्त वजन, की सोसण्यापलीकडचं वजन? आणि त्याला क्रियापद कोणतं लावाल? अतिभार होतो, येतो, पडतो की बसतो? माझं मत आधीच सांगून टाकतो: ज्या शब्दाला क्रियापद चिकटत नाही तो पाटीवर लावू नये.

उंबरठा
ओव्हरलोड. संपला धागा. :)

खडूफळा
संपला कसा? आत्ता कुठे सुरू होतोय.

‘भार’ आला ‘भृ’ या धातूवरून. भृ म्हणजे धारण करणे, पोसणे. भरण, भर्ता, भार्या, भृत्य हे सगळं त्याच घरातलं गणगोत. आता ‘अति’ बघा. आपण ‘अति’चा अर्थ ‘खूप’ असा धरतो, पण मुळात तो ‘पलीकडे’ असा आहे. अतिक्रमण म्हणजे खूप चालणं नव्हे, हद्द ओलांडणं. अतींद्रिय म्हणजे इंद्रियांच्या पलीकडचं. त्या न्यायाने अतिभार म्हणजे मर्यादेपलीकडचा भार. मर्यादा ठरलेली नसेल तर अतिभार संभवतच नाही. मग तो नुसता जड भार.

म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: सोसण्यापलीकडचं वजन. पाच किलोसुद्धा अतिभार असू शकतो आणि वीस टनसुद्धा नसू शकतो.

टायरवाला
सर म्हणतात ते आमच्या धंद्यात रोजचं आहे, फक्त अतिभार हा शब्द नाही. आम्ही म्हणतो ‘पासिंग किती?’ म्हणजे गाडीला कागदावर किती वजनाची परवानगी. काट्यावर त्याच्या वर भरली की ओव्हरलोड, आत असली की नाही. मर्यादा असल्याशिवाय ओव्हरलोड नाही, बरोबर.

२०१८ मध्ये सरकारने अ‍ॅक्सलची मर्यादाच वाढवली. चार टायरच्या एका अ‍ॅक्सलला १०.२ टन होते ते ११.५ झाले. म्हणजे आदल्या दिवशी जो माल ओव्हरलोड तोच दुसऱ्या दिवशी कायद्यात. गाडी तीच, पाटे तेच, रस्ताही तोच! दंड मात्र २०१९ च्या दुरुस्तीनंतर जबर झाला. २०,००० रुपये, शिवाय वरच्या प्रत्येक टनाला २,००० आणि जादा माल उतरवायचा खर्चही आपलाच.

क्रियापद विचाराल तर: गाडी ओव्हरलोड ‘भरली’, ओव्हरलोड ‘चालली’, ओव्हरलोडमध्ये ‘धरली’. तिन्ही चालतात. अतिभार भरली म्हणून बघा बरं.

निवांत_बसलेली
हायला, अतिभार भरली! =))

गिट्टीमुरूम
टायरवाले शेठ, रस्ता तोच राहत नाही हो, तिथेच तर गोम आहे. १९५८ ते १९६० मध्ये अमेरिकेत मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक पळवून चाचण्या घेतल्या होत्या. त्यातून निघालेला ठोकताळा असा की रस्त्याची झीज साधारण अ‍ॅक्सलवरच्या भाराच्या चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट केला तर झीज सोळापट. त्यामुळे ‘थोडंसं ओव्हरलोड’ असं काही रस्त्याला कळत नाही.

शब्दाबद्दल: आमच्याकडच्या मराठी निविदांमध्ये ‘अतिभारित वाहने’ असतं. साइटवर कुणी म्हणत नाही.

ट्रिपलेला
विजेचा माणूस आहे, म्हणून रिलेबद्दल लिहितो.

वीजबिलावर ‘मंजूर भार’ असा रकाना असतो, तो बघा. तिथे ‘भार’ हा शब्द अगदी घट्ट रुजलाय. लोक ‘भार वाढवून घेतला’ असं सहज म्हणतात. पण मर्यादा ओलांडली की त्याच माणसाच्या तोंडी ‘लोड जास्त झाला’ येतं, ‘अतिभार झाला’ येत नाही.

दुसरं, पत्रकात ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किट हे एकाच शब्दात कोंबू नका. ओव्हरलोडमध्ये प्रवाह मर्यादेच्या वर असतो पण बेताने, आणि तो टिकून राहिला की तारा तापतात. म्हणून संरक्षणही सबुरीने चालतं: दोन धातूंची पट्टी तापते, वाकते, मग खटका पडतो. शॉर्टमध्ये प्रवाह एकदम उसळतो, तिथे चुंबक क्षणात खटका पाडतो. अतिभार हा शब्द पहिल्यासाठीच राखा.

आणि एक गंमत. मोटर ‘लोड घेते’ म्हणजे मोटर चांगली आहे. ‘लोड घेत नाही’ म्हणजे वाइंडिंग गेलं, नाहीतर व्होल्टेज कमी. माणूस ‘लोड घेतो’ म्हणजे मात्र बिघडलाय.

निवांत_बसलेली
आणि आमच्या आजोबांच्या काळात लोड म्हणजे टेकायचा. लोड, तक्के, गाद्या. ‘लोड घेऊ नकोस’ म्हटलं असतं तर आजोबा म्हणाले असते, मग टेकू कशाला?

उंबरठा
एकाच भाषेत लोड आराम देतोही आणि आराम घालवतोही. मी पहिल्या लोडाच्या बाजूने.

पेनकाडी
धाग्याचं नाव ‘अतिभार’ वाचून आधी वाटलं कराबद्दल आहे. :) अतिभार आणि अधिभार यांची सर्रास सरमिसळ होते म्हणून नोंद करतो. मूळ करावर वरून बसवलेला जादा आकार तो अधिभार, म्हणजे सरचार्ज. सेस म्हणजे उपकर, तो आणखी वेगळा. अधिभार कायदेशीर असतो, भरावाच लागतो. अतिभार हा मर्यादाभंग.

बातम्यांमध्ये ‘यंत्रणेवर अधिभार’ वाचलं की दात शिवशिवतात.

खडूफळा
+१. ‘अधि’ म्हणजे वर, ‘अति’ म्हणजे पलीकडे. अधिकार आणि अतिरेक यांत जेवढं अंतर तेवढंच. (निदान कागदावर तरी.)

सातबारा
तुम्ही सगळे ‘बोजा’ विसरलात. गावात अतिशय जिवंत शब्द. सातबाऱ्यावर इतर हक्काच्या रकान्यात कर्जाची नोंद होते तो बोजा. बोजा ‘चढतो’, फेड झाल्यावर दाखला देऊन फेरफार करून बोजा ‘उतरवायचा’. मी पाहिलेल्या निम्म्या तंट्यांत कर्ज फिटलेलं असतं, बोजा उतरवायचा राहिलेला असतो. जमीन विकायला काढली की मग आठवतं.

क्रियापदं बघा: चढणे, उतरणे, पडणे, टाकणे, नोंदवणे. एका शब्दाला पाच. म्हणून तो जगलाय.

कोरा_कागद
सातबारा, अगदी हेच मला म्हणायचं होतं. ओझं वाहतात, लादतात, उतरवतात. भार सोपवतात, स्वीकारतात, टाकतात, उचलतात. तुकोबांनी तर ‘वेदाचा तो अर्थ आम्हांसीच ठावा, येरांनी वहावा भार माथां’ म्हणून तो थेट दुसऱ्यांच्या डोक्यावर ठेवून दिलाय. अतिभार बिचारा एकटाच उभा आहे. फार तर ‘होतो’.

समता_सागर
एकटा कसा? अतिभाराला फार जुनं क्रियापद आहे. जैन परंपरेत अहिंसाणुव्रताचे, म्हणजे गृहस्थाच्या अहिंसेच्या व्रताचे, पाच अतिचार (व्रतात घडणारे दोष) सांगितलेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात आहेत. अतिभारारोपण म्हणजे जनावरावर किंवा माणसावर त्याच्या ताकदीपेक्षा जास्त ओझं लादणं. मारणं, कोंडणं, उपाशी ठेवणं यांच्या पंगतीत हे बसवलंय.

म्हणजे ‘अतिभार लादणे’. आणि इथे दोष भाराचा नाही, लादणाऱ्याचा. तुमच्या पाटीत तो लादणारा दिसत नाही, अडचण ती आहे.

खडूफळा
वा! हे लक्षात आलं नव्हतं. आणि ‘अतिचार’ हाही ‘अति’चाच भाऊबंद.

माथ्यावरचं
समता_सागर यांना दंडवत. बाजारात हमाली केलेल्या घरातला आहे म्हणून दोन ओळी. पोतं शंभर किलोचं असायचं. पुढे पन्नासचं झालं ते आपोआप नाही, त्यासाठी लोक भांडले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये एका माणसाने हाताने उचलायच्या वजनावर ठराव आणि शिफारस केली, त्यात प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोच्या वर जाऊ नये असं आहे. महाराष्ट्राचा माथाडी कायदा १९६९ चा. माथाडी हा शब्दच बघा, माथ्यावरून आलेला.

आमच्या वडिलांच्या तोंडी अतिभार नव्हता. ‘झेपत नाही’ होतं. मला वाटतं ओव्हरलोडचं खरं मराठी ‘झेपत नाही’ हेच.

निवांत_बसलेली
हे पटलं. नाम शोधत बसलो आपण, मराठी माणूस क्रियापदात बोलून मोकळा होतो. झेपत नाही, पेलवत नाही, सोसत नाही, आवरत नाही.

ग्रहणक्षम
विरोधी मत मांडतो, रागावू नका. ‘कुणी बोलत नाही म्हणून वापरू नये’ हा नियम लावला तर मराठीत एकही पारिभाषिक शब्द उभा राहणार नाही. दिनांक, क्रमांक, महापौर हे सावरकरांनी घडवलेले शब्द. आज त्यांत काही खटकतं का? आणि ‘भारनियमन’? तेही सरकारी टेबलावर जन्मलेलं. तरी गावोगाव रुळलं. त्याला तुम्ही क्रियापद शोधत बसला होतात का?

ट्रिपलेला
भारनियमन रुळलं कारण लोक रोज अंधारात बसत होते. तेवढा वेळ दिला तर कुठलाही शब्द पाठ होतो. :) आणि बोलताना अर्धे लोक तेव्हाही ‘लोडशेडिंग’च म्हणत. पेपरात भारनियमन, ओट्यावर लोडशेडिंग.

ग्रहणक्षम
म्हणजे दोन्ही जगले. मग ‘पाटीवर अतिभार, तोंडात ओव्हरलोड’ असं झालं तर बिघडलं कुठे?

गिट्टीमुरूम
पाटी वाचून माणूस लिफ्टबाहेर पडला पाहिजे, एवढंच बिघडतं.

म्हणीवाली
मी म्हणींकडे वळवते. इंग्रजीतून उंटाची शेवटची काडी आपल्याकडे आली, अग्रलेखांत जिकडे तिकडे दिसते. पण आपली म्हण नेमकी उलटी आहे: भरल्या गाड्याला सूप जड नाही. गाडा भरलाच आहे, वर एक सूप ठेवलं तर काय फरक पडतो! एक म्हणते शेवटच्या काडीने पाठ मोडते, दुसरी म्हणते कळतसुद्धा नाही.

टायरवाला
ताई, ही म्हण मालकाची आहे. बैलाला विचारा.

म्हणीवाली
शेठ, मान्य! :) आणखी दोन: नाकापेक्षा मोती जड, अंगापेक्षा बोंगा मोठा. या दोन्हींत खडूफळा सरांचा मुद्दा आहे, भार किती यापेक्षा पेलणारं किती. डोईजडही त्यातलाच, पण आता त्याचा अर्थ ‘वरचढ होऊ पाहणारा’ असा झाला. डोक्यावरचं ओझं कुणी डोईजड म्हणत नाही, हाताखालचा माणूस होतो डोईजड.

आणि मोजमाप मेलं तरी ‘खंडीभर कामं’ आहेतच. खंडी म्हणजे वीस मण, हे किती जणांना ठाऊक आहे कुणास ठाऊक.

सातबारा
बैलगाडीच्या भाषेत आणखी बारकावा आहे. वजन मर्यादेत असूनही गाडी बिघडते, ते मागे जास्त पडलं तर. तिला ‘उलाळ’ म्हणतात. जू वर उचललं जातं, बैलाच्या गळ्याला ताण बसतो. पुढे जास्त पडलं तर मान दबते. म्हणजे भार किती याइतकंच भार कुठे हेही. हे अतिभारात मावत नाही.

अर्धविराम
सॉफ्टवेअरवाल्याची हजेरी. आमच्याकडे ‘ओव्हरलोडिंग’ म्हणजे एकाच नावाला अनेक अर्थ देणं. बेरजेचं चिन्ह आकड्यांना लावलं तर बेरीज करतं, अक्षरांना लावलं तर जोडतं. त्यात ओझं-बिझं काही नाही. एका भाषांतरात त्याला ‘अतिभारण’ केलेलं पाहिलं आणि हसावं की रडावं कळेना.

पण त्या अर्थाने पाहिलं तर ‘भार’ हा शब्द स्वतःच ओव्हरलोडेड आहे. वजन म्हणजे भार. विजेचा लोड म्हणजे भार. जुन्या पाठ्यपुस्तकात ऋणभार-धनभार होते, नव्यात त्यांना प्रभार केलं. अणुभार. खात्याचा पदभार. रुपयाभार म्हणजे तोळ्याएवढं वजन. एवढे अर्थ एका दोन अक्षरी शब्दावर.

खडूफळा
त्यात ‘कार्यभार’ही घाला. मंत्र्याने कार्यभार स्वीकारला म्हणजे खातं हाती घेतलं. महाविद्यालयात कार्यभार म्हणजे आठवड्याचे तास. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला १६ तास, वरच्यांना १४. आणि ज्याला तास उरले नाहीत तो ‘अतिरिक्त’! ज्याच्यावर भारच नाही त्याला अतिरिक्त म्हणायचं, आणि एकाकडे दोन खुर्च्यांचं काम दिलं तर तो ‘अतिरिक्त कार्यभार’. मराठीच्या प्राध्यापकाला हे रोज फळ्यावर सोडवावं लागतं.

दंडबैठक
व्यायामात अतिभार चांगला असतो बरं. शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकांत ‘अतिभाराचं तत्त्व’ असतंच: शरीराला सवय असते त्याच्या थोडं वर नेलं तरच ताकद वाढते. पण हे ‘सवयीच्या वर’ आहे, ‘ताकदीच्या वर’ नाही. ताकदीच्या वर गेलात तर कंबर. म्हणजे मर्यादा दोन आहेत, सर.

खडूफळा
हे मान्य करावं लागेल. माझ्या व्याख्येत मर्यादा एकच होती. यंत्राची मर्यादा ठोकून बसवलेली, शरीराची सरकणारी.

आईची_डबा_गँग
आणि दप्तराची कागदावरची! २०१५ मध्ये शासनाने ठरवलं की दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नको. पंचवीस किलोच्या पोराला अडीच किलो. त्यात रिकामं दप्तर, पाण्याची बाटली आणि डबा धरला की पुस्तकं खिशात न्यावी लागतील.

पेनकाडी
१९९३ चा यशपाल समितीचा अहवाल याच विषयावर होता. दप्तराच्या वजनापेक्षा न समजलेल्या गोष्टींचं ओझं जास्त घातक आहे, हा त्याचा मुख्य सूर. तेव्हापासून दप्तरं मोजली जाताहेत, कारण ती काट्यावर ठेवता येतात.

खडूफळा
भार आणि व्याकरण दोन्ही एकत्र आलेली ती गोष्ट राहिलीच. राजा पालखीत बसलाय, भोई नवखा आहे. राजा विचारतो, दांडा खांद्याला ‘बाधति’ का? भोई म्हणतो, दांडा तितका नाही बाधत जितकं तुमचं ‘बाधति’ बाधतं. रूप ‘बाधते’ हवं होतं. पाठभेद बरेच आहेत, कुणी राजाला भोज म्हणतं.

माथ्यावरचं
सर, गोष्ट छान आहे. पण भोयाचा खांदा दुखतच असणार. पंडिताने लिहिलीय म्हणून व्याकरण जास्त दुखलं.

उंबरठा
माथ्यावरचं, _/\_

कोरा_कागद
काम पुढे सरकलं, म्हणून सांगतो. दारावरच्या पाटीत नामच टाकलं नाही: ‘एक टनापेक्षा जास्त माल भरू नका.’ समता_सागर म्हणाले तो लादणारा माणूस या वाक्यात आला. लाल दिव्याखाली ‘वजन जास्त झाले आहे’. तिथे ‘झेपत नाही’ लिहायचा मोह झाला होता, पण लिफ्ट कुरकुर करतेय असं वाटलं असतं. रिलेला ‘ओव्हरलोड रिले’ ठेवला. दुरुस्तीला येणारा माणूस त्याच नावाने सुटा भाग मागणार.

ग्रहणक्षम
म्हणजे अतिभार तिन्ही ठिकाणी हद्दपार. तुम्ही आधीच ठरवून आला होतात.

कोरा_कागद
नाही हो. तांत्रिक तक्त्यात ‘अतिभार चाचणी: निर्धारित भाराच्या १२५ टक्के’ असं ठेवलंय. तिथे वाचणारा अभियंता आहे, वाक्यात क्रियापद नाही, आणि मर्यादाही समोर छापलेली आहे. तिथे तो शोभतो.

ट्रिपलेला
तक्ता बरोबर. दिव्याबद्दल एक सूचना: प्रवासी लिफ्टवर ‘८ व्यक्ती, ५४४ किलो’ असं असतं, माणशी ६८ किलो धरून. मालाच्या लिफ्टवर माणसांचा आकडा लिहू नका, नाहीतर लोक आठ माणसं आणि वर माल भरतात.

अर्धविराम
भरल्या गाड्याला...

नवा_भिडू
उशिरा आलो. सगळं वाचलं नाही, पण एक शंका. ओव्हरलोडच्या उलट अंडरलोड, तर त्याला मराठीत काय? अल्पभार? ऊनभार?

टायरवाला
भाऊ, आमच्याकडे अंडरलोड म्हणजे कमी भरलेली गाडी नव्हेच. पासिंगच्या आत, कायद्यात बसेल एवढी पूर्ण भरलेली ती अंडरलोड. भाडं ठरवताना पहिला प्रश्न तोच असतो, ‘अंडरलोड की ओव्हरलोड?’ मधलं काही नसतंच. आता तुमच्या कोशात ‘अल्पभार’ लिहून ती गाडी काट्यावर आणा, मजा येईल.